ओला सदरा आणि डोंगरवारा



मागल्या पौषात एका गिर्यारोहण मंडळाबरोबर दोन दिवस कळसूबाईला जाऊन आलो. पन्नाशी उलटल्यावर हा उद्योग कशाला, असे घरच्यांनीही विचारले. पण तिथे जे पाहिले ते आपल्या जळकोटच्या शिवारात रात्री दारे धरणाऱ्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून सांगतो.

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट वर जाते. अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. पहाटे काळोखात निघण्याआधी म्होरक्याने प्रत्येकाची पिशवी उघडून पाहिली. कोरडा सदरा, कानटोपी, विजेरी, गूळ-शेंगदाणे. एका तरुणाजवळ कोरडा सदरा नव्हता. "चालताना ऊब येतेच की," तो म्हणाला.

चढताना गडी घामाने निथळला. माथ्यावर वारा असा, की उभे राहवेना. पाव तासात तो कुडकुडू लागला. मग जीभ जड झाली, गुंडी लावायला बोटे वळेनात. म्होरक्याने त्याला देवळाच्या आडोशाला नेले, ओला सदरा काढून स्वतःजवळचा कोरडा घातला, घोंगडीत गुंडाळले, गूळ चारला, गरम चहा पाजला. अर्ध्या तासाने तो ताळ्यावर आला. तोवर आमच्या मात्र तोंडचे पाणी पळाले होते.

असे का झाले? आपल्या शरीराची आतली उष्णता ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती ३५ च्या खाली गेली की जिवाला धोका. पाणी हे हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढते. त्यात वारा लागला की आणखी भर. म्हणजे वैरी नुसती थंडी नव्हे. ओल आणि वारा हे तिचे दोन सोबती.

विलायतेत स्कॉटलंडचा बेन नेव्हिस डोंगर १३४५ मीटर, आपल्या कळसूबाईहून ३०१ मीटरने ठेंगणा. पण मुलूख उत्तरेचा, म्हणून हिवाळ्यात त्यावर बर्फ असते आणि दिवस जेमतेम सात तासांचा. तिथे डोंगर चढणाऱ्यांचे एक मंडळ १८८९ सालापासून चालू आहे. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. दहा अंशाच्या गारठ्यातही ओला माणूस गारठून जातो.

आता आपल्या रानाकडे या. वीज रात्रीची, हरभरा-गव्हाला पाणी द्यायचे, पाय चिखलात, धोतर किंवा पॅन्ट मांडीपर्यंत भिजलेली. त्या तरुणाची आणि आपली गत एकच! शिवाय थंड हवा जड असते. निरभ्र, शांत रात्री ती उताराने खाली येऊन सखल भागात साचते. म्हणून ओढ्याकाठचा तुकडा टेकावरच्या रानापेक्षा गार असतो. जमल्यास त्याचे पाणी पहिल्या प्रहरीच उरका.

रात्री एकट्याने जाऊ नका. गमबूट घाला, विंचू-काट्यापासूनही पाय वाचतील. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्या. घोंगडी न्याच; लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. "थंडीला घोटभर बरी" हा समज खोटा आहे. दारूने कातडीला ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर निघून जाते. खोपीचे दार लावून आत शेगडी ठेवून झोपू नका. तो धूर आणि न दिसणारा वायू झोपेतच जीव घेतो.

सोबत्याचे कुडकुडणे थांबले, पण तो बरळतो आहे, पेंगतो आहे, तर तो बरा झाला असे समजू नका. ती धोक्याची खूण. ओले कपडे काढा, आधी छाती-पोट उबदार करा, हातपाय जोराने चोळू नका, शुद्धीत असेल तरच गरम गोड चहा द्या आणि १०८ ला फोन लावा.

माय-भगिनींनो, शेवटची विनंती तुम्हाला. त्या म्होरक्याने पिशवी तपासली, पण मोकळी दिसूनही त्या पोराला वर येऊ दिले. उतरताना तो स्वतःच म्हणाला, "चूक माझी." तुम्ही ती चूक करू नका. कोरडा सदरा पिशवीत पडल्याशिवाय धन्याला उंबरठा ओलांडू देऊ नका. हरभऱ्याचे एक पाणी उद्यावर टाकता येते, माणूस नाही.