काळ्या मातीचे समुद्रातले सोयरे

सहलींच्या जाहिरातींत हल्ली एक नवा शब्द हमखास दिसतो : स्कूबा. मालवण, अंदमान, लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी नावे, खाली निळे पाणी आणि त्या पाण्यात पाठीवर सिलिंडर घेतलेली, हाताने 'छान' अशी खूण करणारी एक हसरी व्यक्ती. आपल्या यवतमाळपासून समुद्र कोणत्याही दिशेने पाचशे किलोमीटरहून अधिक लांब. तरीही पुसद, वणी, दारव्ह्याच्या घराघरांतल्या मोबाइलवर आता कुणाच्या ना कुणाच्या लेकीजावयाचे पाण्याखालचे छायाचित्र असते. हौस चांगलीच आहे. मुले भिंतीबाहेरचे जग पाहतात, याचा आनंद मानावा. पण या हौशीखाली किती खोल पाणी आहे आणि ते कुठे ओढून नेते, याचा विचार घरात कुणीतरी करायला हवा.

तसे पाहिले तर या बेटांशी आपले नाते पर्यटनापेक्षा फार जुने आहे. आपण ज्या काळ्या मातीत कापूस पेरतो ती मूळची ज्वालामुखीच्या लाव्ह्याची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर लाव्हा वाहिला आणि दख्खनचे पठार घडले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो काळा पाषाण पसरलेला आहे. २०२१ साली आपल्याच जिल्ह्यात शिबला-पार्डीजवळ रस्त्याच्या कामात बेसॉल्टचे कोरीव वाटावेत असे खांब उघडे पडले. ते कुणा राजाने उभारलेले नव्हते. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला तसे तडे गेले, इतकेच.

ज्या पाताळातल्या भट्टीतून हा लाव्हा आला ती जागच्या जागी राहिली आणि भारताचा भूपट्ट तिच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. मागे समुद्रात ज्वालामुखींची रांग उरली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसचा पाया तो. पुढे मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन बेट, जिथला ज्वालामुखी आजही वरचेवर लाव्हा ओकतो. ज्या मॉरिशसमध्ये दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज राहतात आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, ते बेट आणि आपले वावर एकाच चुलीवरचे म्हणायचे.

यातल्या जुन्या ज्वालामुखींचे डोंगर हळूहळू समुद्रात खचले. त्यांच्या काठाने वाढणारे प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने वर वर चढत राहिले. डोंगर बुडाला आणि प्रवाळांचे कडे उरले. चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडलेला हा विचार पुढे पॅसिफिकमधल्या एनिवेटोक बेटावर १९५२ साली छिद्र पाडून पाहिल्यावर खरा ठरला. हजार मीटरहून जाड चुनखडीखाली अखेर काळा बेसॉल्ट लागलाच.

पाण्याची ओढ

आता या बेटांभोवती प्रवाह इतके जोरकस का? समुद्राच्या तळातून एकदम वर आलेल्या या भिंती. मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा बदलणारे हिंदी महासागराचे अफाट पाणी त्यांच्यावर येऊन थडकते, आणि त्याला पलीकडे जायला वाट असते ती दोन बेटांमधल्या अरुंद खिंडींची. मालदीवमध्ये या खिंडीला 'कांडू' म्हणतात. त्यात भरती-ओहोटीची भर. रुंद नदी पुलाच्या कमानीत शिरताना जशी उसळते तसेच हे. कड्यावर आपटलेले पाणी कधी वर उसळते, तर कधी सरळ खाली जाते आणि पाणबुड्यालाही बरोबर नेते.

गंमत अशी की मासे पाहायचे तर तिथेच जावे लागते. प्रवाहाबरोबर अन्न येते, अन्नामागे लहान मासे, त्यांच्यामागे मोठे. म्हणजे जिथे पाहण्यासारखे सर्वांत जास्त, तिथेच धोकाही सर्वांत जास्त.

वाहत्या पाण्याचे बळ आम्हा नदीकाठच्या माणसांना नवे नाही. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्याला पूर असताना पुलावरून निघालेली एसटी बस वाहून गेली आणि माणसे दगावली. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. एवढी मोठी बस जिथे टिकत नाही, तिथे माणसाची काय कथा? पायात फिन्स घातलेला सराईत पाणबुड्यासुद्धा ताशी दोन किलोमीटरच्या आसपासच्या प्रवाहाविरुद्ध फार वेळ पोहू शकत नाही. म्हणून प्रवाहाशी झुंजायचे नाही, हा जाणकारांचा पहिला धडा. त्याच्याबरोबर वाहत जायचे, वर होडीने आपल्यामागे यायचे, आणि वर येण्याआधी रंगीत फुगा सोडून आपली जागा दाखवायची. होडीवाला सावध नसेल तर माणूस सुखरूप वर येऊनही समुद्रात हरवू शकतो.

दुसरा धोका दाबाचा. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वीस मीटरवर तो तिप्पट होतो, म्हणजे सिलिंडरमधली हवाही तिप्पट वेगाने संपते. घाबरून धापा टाकणाऱ्याची त्याहून लवकर. श्वास रोखून वर आले तर फुप्फुसे फाटू शकतात. खोलवर बराच वेळ राहून झरकन वर आले तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. त्यावर उपचार दाबाच्या बंद खोलीत करावा लागतो, आणि ती सोय आपल्याकडे मुख्यतः नौदलाकडे आहे. डुबकी मारल्या दिवशीच विमानात बसू नये, हा नियमही त्यासाठीच. तीन रात्री-चार दिवसांची सहल आखणाऱ्याने तो आधीच हिशेबात धरायला हवा.

हंगाम आणि हप्ता

आपल्या राज्यात स्कूबाची पंढरी म्हणजे मालवण. १९८७ साली तिथल्या समुद्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला, तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला होता. आमची जाळी कुठे टाकायची, हा त्यांचा सवाल होता. आज त्याच घरांतली मुले पर्यटकांना पाण्याखाली नेतात. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' नौका निवती रॉकजवळ बुडवून तिथे पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा प्रकल्पही राज्याने हाती घेतला. मासळी घटत असताना हा रोजगार आला, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखाली काही झाले नाही, जे झाले ते वर. लोक सिलिंडरची चौकशी करतात, होडीची करत नाहीत. होडीत माणसे किती, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट आहे का, हे कुणी विचारत नाही.

बँकेच्या नोकरीत मी आयुष्य काढले, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. असा धंदा कर्जावर उभा राहतो आणि पावसाळ्यात तो बंद असतो. आठ-नऊ महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचे हप्ते. मे महिन्याच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो, नेमकी तेव्हाच गर्दी असते, आणि 'आणखी दोन फेऱ्या' हा मोह आवरत नाही. एका हंगामावर वर्ष काढणे म्हणजे काय, हे कापूस उत्पादकाला शिकवायला नको. तेव्हा होडीवाल्याच्या नावाने बोटे मोडून भागणार नाही. हप्ते हंगामाप्रमाणे बांधून द्यावेत आणि कर्ज देताना होडीच्या विम्याबरोबर प्रवाशांचा विमाही सक्तीचा करावा. त्याने जितके जीव वाचतील, तितके फलकांनी वाचणार नाहीत. राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आले, त्यात नोंदणीची अट आहे. पण अट कागदावर असते आणि माणूस पाण्यात.

मुद्दल खाणारे पर्यटन

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांची लक्षद्वीपमधली छायाचित्रे झळकली, मालदीवशी शाब्दिक चकमक झाली आणि 'मालदीव नको, लक्षद्वीप चला' अशी लाट आली. लक्षद्वीप केवढे? सगळी बेटे मिळून सुमारे ३२ चौरस किलोमीटर. यवतमाळ जिल्हा १३ हजार ५८२. त्या इवल्या जमिनीवर २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६४ हजार माणसे राहतात आणि वाळूखाली साचलेल्या गोड्या पाण्याच्या पातळ थरावर जगतात. २०१८ च्या उन्हाळ्यात पाण्यासाठी यवतमाळ शहराने काय सोसले ते आठवावे, म्हणजे पाहुण्यांच्या लाटेचा अर्थ कळेल.

त्याहून नाजूक गोष्ट प्रवाळांची. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर जरी अधिक तापून काही आठवडे तसाच राहिला, तरी प्रवाळ पांढरे पडतात आणि मरू लागतात. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये झाले. तिथल्या जिवंत प्रवाळांचे प्रमाण १९९८ नंतरच्या दोन तपांत निम्म्यावर आल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. ही नुसती शोभा नव्हे. लाटांचा मार अंगावर घेऊन बेट राखणारी ती तटबंदी आहे. डोंगर कधीच बुडाला. आता तटही ढासळला तर बेट कशावर उभे राहणार?

मॉरिशसने दुसरा धडा दिला. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज तिथल्या प्रवाळांवर चढले आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. ते अडवायला सामान्य माणसांनी उसाचा पाचोळा आणि कापलेले केस भरून तरंगते बांध शिवले. ज्यांचे पोट त्या समुद्रावर, तेच आधी धावले.

मग जाऊच नये का? जरूर जावे. पण पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : सोबतच्या प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे का? एका प्रशिक्षकामागे माणसे किती? आज पाण्याला ओढ कशी आहे? आणि ओढ जास्त असेल तर पैसे परत मिळतील का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तर तो माणूस विश्वासाचा. दमा किंवा हृदयविकार असेल तर तो लपवू नये. पाण्याखाली हात खिशात असल्यासारखे वागावे, प्रवाळाला बोटही लावू नये.

आणि जिथे प्रवाह जोरकस आहे तिथे नवख्याने उतरूच नये. अशा खिंडी सरावलेल्यांसाठी असतात. पुलावरून पाणी जात असताना थांबणारा ड्रायव्हर भित्रा नसतो, हे आपल्या जिल्ह्याने मोठी किंमत देऊन शिकलेले आहे. 'आज पाणी बरे नाही, उद्या या' असे सांगणारा होडीवाला आणि ते ऐकून निमूट परत फिरणारा पर्यटक, हे दोघे जिथे भेटतील तिथला समुद्र आणि तिथला धंदा दोन्ही टिकतील.