रंग, वास, चव आणि पाण्यातली पिसू

लहानपणी मौलवीसाहेबांनी वजूच्या पाण्याची कसोटी शिकवली होती. मोठ्या साठ्यात घाण पडून पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलली, तर ते पाणी नापाक. शेकडो वर्षांपूर्वीच्या फिकहच्या ग्रंथांतली ही कसोटी आजही आपलं काम चोख करते. पण नरडाण्याहून शिरपूरकडे जाताना तापीचा पूल लागतो, तेव्हा हल्ली मला ती अपुरी वाटते. कपाशीवर मारलेलं सायपरमेथ्रिन पावसाबरोबर ओहोळातून नदीत येतं. रंग तोच, वास नाही, चवही तीच.

मग साक्ष कोणाची काढायची?

साक्षीदार पाण्यातच आहे. डाफ्निया, मोइना ही मिलिमीटर-दोन मिलिमीटरची पाण्यातली पिसू. नावाला पिसू, पण ही कोळंबीच्या कुळातली, म्हणजे किड्यांची दूरची भावंडं. म्हणून किड्यांसाठी केलेलं औषध त्यांनाही मारतं, तेही अगदी थोड्या मात्रेत. त्या पाण्यातलं शेवाळ गाळून खातात. त्यांच्यावर माशांची पिल्लं जगतात आणि कटला तर मोठा झाल्यावरही त्यांच्यावरच पोसतो. पिसू गेली की शेवाळ माजतं आणि जाळं रिकामं येतं.

यातली भुकेची गोष्ट मात्र फारशी कोणी बोलत नाही. पोटभर शेवाळ मिळालं तर पिसूची मादी नराशिवायही भराभर पिल्लं देते, आणि थोड्या विषाने झालेली तूट भरून निघते. उपाशी पिसूला ते जमत नाही. अंडी कमी होतात आणि एरवी सोसलं असतं तेवढंच विष तिला भारी पडतं. आता आपलं वेळापत्रक बघा. फवारणीचा जोर पावसाळ्यात, आणि नदी गढूळही तेव्हाच. गढूळ पाण्यात ऊन खाली पोचत नाही, शेवाळ नीट वाढत नाही. म्हणजे भूक आणि विष एकाच महिन्यात येतात.

औषध पाण्यातल्या जिवांना किती घातक, हे डाफ्नियावरच तपासतात. झटपट चाचणी ४८ तासांची असते. पिल्लं मोजायची चाचणी २१ दिवसांची, आणि तिच्यात पिसूला रोज खाऊ घालतात. तापीत कोण खाऊ घालणार? त्या चाचणीत 'सुरक्षित' ठरलेला आकडा आपल्या नदीला तसाच लावणं मला पटत नाही.

फवारू नका, असं मी म्हणणार नाही. गुलाबी बोंडअळीने पोखरलेली बोंडं मीही पाहिली आहेत. पण २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा कुठे आपण जागे झालो. नदीत रोज मरणाऱ्यांची तर कोणी मोजदादही करत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. फवारणीचा पंप नाल्यात धुऊ नका. ते पाणी शेतातच, ओहोळापासून लांब जिरवा. ओहोळाच्या काठाची गवताची पट्टी नांगरू नका, ती बरंच विष अडवते. आणि सरकारने पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत प्राणवायू आणि जंतूंबरोबर या पिसवाही मोजाव्यात, विशेषतः श्रावण-भाद्रपदात.

रंग, वास, चव या तिन्ही कसोट्या राहू द्या. त्यांच्या जोडीला चौथी हवी: या पाण्यात पिसू जगते का?