आजीच्या जागी ॲप?

मुलाच्या हाती भाषाशिक्षणाचे ॲप दिले की मराठीची चिंता मिटली, अशी समजूत परदेशस्थ मराठी कुटुंबांत दृढ होत चालली आहे. ही समजूत भाबडी आहे. आणि, स्पष्टच बोलायचे तर, सोयीची आहे.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात डोळ्यांत अंजन घालणारा आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेची १२ सत्रे देण्यात आली. काहींशी चिनी भाषक समोर बसून बोलले, खेळले. काहींना त्याच व्यक्ती केवळ पडद्यावर दिसल्या. ज्यांना प्रत्यक्ष सहवास लाभला, त्यांना चिनी ध्वनींतील भेद उमगले. पडदा पाहणाऱ्यांच्या पदरी काहीही पडले नाही. शब्द तेच होते, उणीव होती ती माणसाची!

मग यंत्र त्याज्य मानायचे काय? मुळीच नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदे शिकली, ध्वनिचित्रफितीवरून मात्र शिकू शकली नाहीत. पडदा दोन्हीकडे होता. पण कॉलवरचे माणूस मुलाच्या हुंकाराला प्रतिसाद देते, चित्रफीत आपलीच टकळी चालवते.

इकडे पुण्यातली आजी रविवारच्या कॉलसाठी ताटकळत बसलेली असते. ‘जेवलास का?’ यापुढे तिला बोलू देण्याइतकी सवड आपल्यापाशी नाही. ॲपचे वार्षिक शुल्क मात्र आपण न चुकता भरतो.