'नॅचरल' म्हणजे काय रे भाऊ?

आमच्या टीममध्ये सध्या एक नवीन फॅड आलंय. कुत्र्यामांजरांना चिनी जडीबुटी! इथे कॅलिफोर्नियात घरटी एक तरी प्राणी असतोच (अतिशयोक्ती आहे, पण फार नाही). कुणाचं अंग खाजतंय, कुणाचं पोट बिघडलंय. मग जेवणाच्या टेबलावर एक बाटली फिरते. वर ड्रॅगन, खाली 'हजारो वर्षांची परंपरा' आणि 'शंभर टक्के नॅचरल'. आत नक्की काय आणि किती? तर म्हणे 'प्रोप्रायटरी ब्लेंड'!

आता मी पडलो कोड लिहिणारा माणूस, प्राण्यांचा डॉक्टर नव्हे. पण वाचायची खोड आहे, आणि मत तर प्रत्येकालाच असतं :) माझं आधीच सांगून टाकतो. चिनी आहे म्हणून हसण्यावारी नेऊ नका, आणि परंपरा आहे म्हणून डोळे मिटून पाजूही नका.

हसण्यावारी का न्यायचं नाही? मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हे औषध 'छिंगहाव' या चिनी वनस्पतीतून आलं. तू यूयू या बाईंना त्याबद्दल 2015 साली नोबेल मिळालं. पोट बिघडलं की चीनमध्ये देतात ते 'ह्वांगल्यान' घ्या. त्यातलं बर्बेरिन हे द्रव्य आपल्या दारुहळदीतही असतं. त्वचेचं म्हणाल तर माणसांच्या एक्झिमावर चिनी काढ्याची चाचणी 1992 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली आणि निकाल आशादायक होता. पुढे ब्रिटनमध्ये रेहमानिया, पिओनी आणि ज्येष्ठमध या तिघांचं मिश्रण अॅलर्जीने खाजणाऱ्या कुत्र्यांना देऊन पाहिलं, तेही खरं औषध कुणाला आणि खोटं कुणाला हे मालकालाही कळू न देता. काही कुत्र्यांना खरोखर फरक पडला. सगळ्यांना नाही, आणि काहींचं पोटही बिघडलं. पण याला म्हणतात टेस्टिंग. असं काम कुणी केलं तर मी टोपी काढून सलाम करीन.

आता त्या 'हजारो वर्षां'कडे वळू. चीनमध्ये प्राण्यांवरच्या उपचारांची परंपरा खरीच जुनी आहे. 1608 सालच्या सुमारास यू आडनावाच्या दोन भावांनी लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध आहे. पण तो आहे घोड्यांचा! साहजिकच आहे, सैन्य आणि शेती ज्यांच्यावर चालायची त्यांचीच दवा व्हायची. आपल्याकडे नाही का शालिहोत्र घोड्यांचा आणि पालकाप्य हत्तींचा? सोफ्यावर झोपणाऱ्या, कोरडं पॅकेटमधलं खाणाऱ्या कुत्र्याच्या अॅलर्जीचा अनुभव त्यात कुठून येणार? आज विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्या म्हणजे माणसांचे काढे वजनाच्या हिशोबाने कमी केलेले. एका प्लॅटफॉर्मचं कोड दुसऱ्यावर न तपासता पोर्ट करण्यासारखं आहे हे. मांजराचं यकृत कित्येक द्रव्यं आपल्यासारखी निकामी करू शकत नाही. आपल्याला साधी वाटणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. वजनाने भागाकार करून हा प्रश्न सुटत नाही.

बरं, 'नॅचरल' म्हणजे निर्धोक का? ज्येष्ठमध आपल्या आजीच्या बटव्यातलं, खोकल्याला हमखास. पण ते जास्त दिवस, जास्त प्रमाणात पोटात गेलं तर शरीरातल्या कॉर्टिसॉलचं विघटन मंदावतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. कुत्र्याला आधीच स्टेरॉइड चालू असेल तर हे डॉक्टरला माहीत नको? बेल्जियममध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या चिनी गोळ्यांनी शंभरच्या आसपास माणसांची, त्यातही बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं खराब झाली. कारण काय, तर 'फांग जी' नावाच्या दोन वेगळ्या वनस्पतींची अदलाबदल. शुद्ध नेमस्पेसचा घोळ! दोन्ही शंभर टक्के नॅचरल. आणि 1999 साली लंडनच्या डॉक्टरांनी त्वचेवरची 11 चिनी 'हर्बल' क्रीम्स तपासली, तर त्यातल्या 8 मध्ये डेक्सामेथासोन निघालं. म्हणजे ज्या स्टेरॉइडला घाबरून लोक तिकडे गेले, तेच डबीत! गुण येणारच की.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोम वेगळीच आहे. अॅलर्जीची खाज आपोआप कमीजास्त होते. साधे जुलाब बऱ्याचदा दोन-चार दिवसांत आपसूक थांबतात. आपण औषध कधी देतो? त्रास कळसाला पोचल्यावर. त्यानंतर उतार पडला की श्रेय बाटलीला. कुत्र्याला प्लासिबो लागू पडत नाही म्हणतात, पण कुत्र्याला बरं वाटतंय की नाही हे ठरवतं कोण? मालकच ना! त्याने पैसे मोजलेत, त्याचा जीव आहे त्या प्राण्यावर. त्याला खाज कमी झालेली दिसतेच.

आणि या काळात खरं दुखणं आत वाढत राहतं. खाज म्हणजे खरूज असेल, पिसवा असतील, बुरशी असेल. कातडीचं थोडं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर बऱ्याचदा उत्तर सापडतं. जुलाब म्हणजे जंत असतील, नाहीतर आणखी गंभीर काही. माणूस निदान 'मला बरं वाटत नाहीये' म्हणून ओरडतो तरी. हे मुकं जनावर वाटीत ठेवलं ते विश्वासाने चाटून मोकळं होतं. प्रयोग आपला, शरीर त्याचं. म्हणून इथे जबाबदारी दुप्पट आहे असं मला वाटतं.

स्टेरॉइडची भीती मला कळते. महागड्या नव्या गोळ्यांचं बिलही कळतं. देऊच नका असं माझं म्हणणं नाही. फक्त चार गोष्टी करा. आधी निदान. मग प्रत्येक वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि मात्रा छापलेलीच बाटली. तिसरं, आपल्या डॉक्टरला सगळं सांगणं, न लाजता. आणि चौथं, सुरू करण्याआधीच कॅलेंडरवर तारीख टाकायची: या दिवसापर्यंत फरक नाही तर बंद. खाज रोज किती वेळा, ते लिहून ठेवायचं. आठवणीवर विसंबायचं नाही.

जी कंपनी आत काय आहे ते सांगायला तयार नाही, तिची परंपरा कितीही जुनी असो, माझ्या लेखी ती सोर्स नसलेली बायनरी आहे. स्वतःच्या लॅपटॉपवरही असलं काही आपण दहा वेळा विचार करून चालवतो. कुत्रा तर फॉरमॅट मारून परत इन्स्टॉलही करता येत नाही.

असो. तूर्तास इतकंच.