आमचा नकाशा आम्हांला द्या!

पावसाळा सरला की आमच्या कुरुळीत दोन प्रकारचे पाहुणे येतात. एक जमीन पाहायला येतात, दुसरे घरे मोजायला. पहिल्यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. आज लिहायचे आहे ते दुसऱ्यांविषयी. हे म्हणजे वास्तुकला आणि नगररचना शिकवणाऱ्या महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक. मुले मोठी अदबीने वागणारी. ‘काकू, जरा टेप धरता का?’ म्हणतात, आणि काकूही तव्यावरची भाकरी उतरवून टेप धरते.

काही वर्षांपूर्वी अशीच एक तुकडी आमच्या घरी आली होती. सोप्याची लांबी, माजघराची उंची, भिंतीची जाडी, परसातल्या तुळशीवृंदावनाचे माप, सारे टिपून नेले. आईने त्यांना दोनदा चहा दिला. पुढे शहरात त्या नकाशांचे प्रदर्शन भरले, गुणही मिळाले म्हणे. गावात मात्र त्यांतला एक कागद परत आला नाही. आई अजून विचारते, ‘आपल्या घराचं चित्र काढून नेलं होतं, ते कधी देणार रे?’ मी काय उत्तर देऊ?

कुणी म्हणेल, एका कागदासाठी एवढा आकांत कशाला? तर त्या कागदाची किंमत आमच्यासारख्या गावाला विचारावी. पुणे-नाशिक रस्त्यावरचे, खेड तालुक्यातले हे गाव. एका अंगाला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या अंगाला चाकणची औद्योगिक वसाहत. काल जिथे ज्वारी आणि कांदा होता, तिथे आज भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. आमच्या भागासाठी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण 2015 साली स्थापन झाले. 2021 साली विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यावर हरकतींचा पाऊस पडला, आणि 2025 साली शासनाने तो रद्दच केला. उद्या नवा मसुदा येईल. 1966 च्या नगररचना कायद्याने हरकत घेण्याचा हक्क आम्हांला दिला आहे खरा. पण हरकत घ्यायची कशाच्या आधारावर? आमच्या हातात सात-बारा. त्यावर मालकाचे नाव असते. ओढ्याचे पाणी कुठवर चढते, शाळेची वाट कोणत्या वळणावर ट्रकांखाली जाते, एका खोलीत किती पोरे पाळीपाळीने झोपतात, हे त्यावर नसते. ते सारे त्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत आहे, आणि त्या वह्या शहरातल्या कपाटात!

प्राध्यापक मंडळींचे उत्तर मला ठाऊक आहे. ‘अहो, ही शिकणारी मुले. सत्र चार-पाच महिन्यांचे. आम्ही काही समाजसेवेचे दुकान मांडलेले नाही.’ ठीक आहे. पण वैद्यकीचा विद्यार्थीही शिकतच असतो. तो रोग्याची नाडी पाहून, केसपेपर काखोटीला मारून घरी जात नाही. कागद रोग्याच्या उशाशी राहतो, म्हणूनच पुढच्या डॉक्टरला उपचार करता येतो. 2014 साली केंद्र सरकारने ‘उन्नत भारत अभियान’ सुरू केले. उच्च शिक्षणसंस्थांनी खेडी निवडावीत आणि त्यांच्या प्रश्नांवर काम करावे, हाच त्याचा हेतू. तेव्हा ही मागणी काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही.

आणि हे जमत नाही म्हणावे, तर ते करून दाखवणारा प्राध्यापक आपल्याच विद्यापीठात होऊन गेला. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश गृहस्थ 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याआधी होळकरांच्या इंदुरात त्याने नगररचनेचे काम केले. शहरात प्लेगचे भय. गेडिसने अहवाल लिहिलाच, पण त्याआधी गल्लीबोळ पायांखाली घातले. दिवाळी आली तेव्हा त्याने मिरवणुकीचा मार्गच बदलायला लावला: जिथली घरे जास्त झाडून-सारवून, डागडुजी करून ठेवलेली असतील, त्या रस्त्यांनी मिरवणूक जाणार! झाले, गल्लोगल्ली केरसुण्या चालू लागल्या. मिरवणुकीत झाडूवाले स्वच्छ कपड्यांत मानाने चालले. प्लेगच्या उंदराचे आणि घाणीच्या राक्षसाचे सोंग काढून ते जाळले. जुन्या वस्तीवर कुऱ्हाड चालवण्याऐवजी, निष्णात शस्त्रवैद्याप्रमाणे जेवढे सडले तेवढेच काढावे, हे त्याचे सूत्र. ते वर्गात फळ्यावर लिहिले जाते. आचरणात मात्र ‘देखल्या देवा दंडवत’.

सारा दोष पाहुण्यांचा आहे असे मी म्हणत नाही. आम्ही गावकरीही काही सोवळे नाही. ओढ्याच्या काठापर्यंत खोल्या आम्हीच रेटल्या, भाडे मोजताना मोरीचे पाणी कुठे जाते हे आम्हीच पाहिले नाही. ग्रामसभेचा नोटीस-बोर्ड वाचायलाही आम्हांला सवड नसते. म्हणूनच कुणीतरी आरसा समोर धरायला हवा आहे. तो धरून लगेच पळून जाऊ नये, एवढेच मागणे.

तेव्हा प्राध्यापकहो, एक करा. दरवर्षी नवे गाव शोधण्यापेक्षा एकाच गावात पाच वर्षे या. तुमचा अभ्यासक्रमही पाच वर्षांचाच आहे! नकाशे मराठीत काढा, त्यांची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, आणि परीक्षकांपुढे उभे राहण्याआधी ग्रामसभेपुढे उभे राहा. जिच्या घराचे माप तुम्ही घेतले, तिला ते वाचता आले नाही तर तुमचे गुण कापा. आणि जुन्या वाड्याच्या कोरीव खांबाइतकीच दहा-बाय-दहाची भाड्याची खोलीही मोजा. त्यात राहणारा कामगार परभणीचा असेल वा बिहारचा, या गावाचा तोही रहिवासीच.

आमची पोरे दिवाळीत अंगणात किल्ला करतात. चार दिवसांचा तो किल्ला. पण त्याला रोज पाणी घालतात, अळीव उगवला का पाहतात, ढासळला बुरूज लिंपतात. मोजून निघून जात नाहीत. एवढे शिक्षण त्यांना कोणत्या विद्यापीठाने दिले?

यंदाही पाहुणे येतील. आई चहा ठेवील, टेपही धरील. पण ह्या खेपेस मी दारातच विचारणार आहे: मागच्या नकाशाचे काय?