साडेत्रेसष्ट अंश ते बाळकुमची गच्ची : घराची उष्णता कोण मोजणार?

१/ ठाण्याच्या बाळकुममध्ये तीन काळांतील घरे शेजारी शेजारी उभी आहेत. खाडीकाठच्या गावठाणातील बैठी घरे, त्यानंतरच्या चार-पाच मजली इमारती आणि गेल्या दोन दशकांतील उत्तुंग मनोरे. एप्रिल-मेमध्ये तिन्ही तापतात. घर किती तापू द्यावे, याविषयी सरकारने नियम करावा काय? हा प्रश्न आजचा वाटतो. प्रत्यक्षात तो सव्वाशे वर्षांचा आहे. त्याविषयीचा हा थ्रेड.

२/ १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट खोल्या हे रोगाचे माहेरघर, असे तत्कालीन प्रशासनाचे मत होते. १८९८ च्या कायद्याने 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. नवे रस्ते आखणे, दाट वस्त्या पाडणे आणि मोकळ्या जागेवर नवी वसाहत उभारणे हे त्याचे काम. दादर-माटुंग्याची आखणी याच ट्रस्टची.

३/ या ट्रस्टने एक विलक्षण नियम रूढ केला : साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा जमिनीशी याहून मोठा कोन करता कामा नये. सोप्या हिशेबात, समोरची इमारत ४० फूट उंच असेल, तर मध्ये किमान २० फूट मोकळी जागा हवी. प्रकाश आणि वारा ही बाब अशा रीतीने भूमितीत बसवली गेली.

४/ ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील घरांच्या प्रकाश-हवेवर व्याख्यान देऊन याच नियमाचा पुरस्कार केला. जमीनमालकांना तो रुचणे कठीण होते. मोकळी सोडलेली प्रत्येक फूट जागा म्हणजे बुडालेले भाडे. येथेच या इतिहासाचे मर्म आहे. बांधतो एक आणि सोसतो दुसरा. हे दोघे भिन्न असले, की बाजार आपोआप चांगली भिंत देत नाही. तेथे कायदा लागतो.

५/ या नियमाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. तो नव्या वसाहतींत चालला. जुन्या शहरातील दाटी मात्र बव्हंशी तशीच राहिली. ज्यांना वाऱ्याची सर्वाधिक निकड होती, त्यांच्यापर्यंत नियम सर्वांत उशिरा पोहोचला. हे सूत्र पुढेही पुन्हा पुन्हा दिसते.

६/ आरोग्याच्या जागी 'ऊर्जा' हा शब्द आला तो १९७३ च्या तेलसंकटानंतर. पश्चिम जर्मनीने १९७७ मध्ये इमारतींच्या उष्णतारक्षणाचा अध्यादेश काढला. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये इमारतींसाठी ऊर्जामानके लागू केली. जर्मनीसारख्या थंड देशांची चिंता होती, आतील ऊब बाहेर जाऊ नये. कोकणपट्टीची चिंता नेमकी उलटी : बाहेरचे ऊन आत येऊ नये आणि आतला दमटपणा बाहेर जावा.

७/ भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ चा. त्याखाली २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो आणि २००७ मध्ये इमारतींची पहिली ऊर्जा संहिता आली. पण ती मोठ्या व्यावसायिक इमारतींपुरती. राहत्या घरांसाठीची 'इको निवास संहिता' उजाडायला डिसेंबर २०१८ लागला. तीही राज्याने स्वीकारून स्थानिक बांधकाम नियमांत उतरवल्याशिवाय तिला धार येत नाही.

८/ ही संहिता सांगते काय? भिंती-खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेचा निर्देशांक दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत असावा. छताची उष्णता-पारगम्यता १.२ हून अधिक नसावी. उघड्या काँक्रीट स्लॅबची ती याच्या दुपटीहून अधिक असते. मायवान पद्धतीची पातळ काँक्रीट भिंत झटपट उभी राहते, पण विटेच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीपेक्षा अधिक उष्णता आत सोडते. बांधकामाचे वाचलेले दिवस रहिवाशाच्या वीजबिलात फिटतात.

९/ उष्ण-दमट पट्ट्यासाठी आणखी एक अट आहे : उघडणारी दारे-खिडक्या घराच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-षष्ठांश. ६०० चौरस फुटांच्या घराला १०० चौरस फूट. सरकत्या खिडकीचे एक तावदान नेहमी दुसऱ्यामागे असते, म्हणून ती निम्मीच मोजायची. ऑरसाहेबांचा वारा शंभर वर्षांनी अशा रीतीने कायद्यात परतला.

१०/ ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका या बाबतीत अगदीच मागे नव्हत्या. या शतकाच्या पहिल्याच दशकात त्यांनी नव्या इमारतींना सौर पाणीतापक सक्तीचे केले. दिशा योग्य होती. परंतु सात मजल्यांना पुरणारी गच्ची तीस मजल्यांना कशी पुरणार? शिवाय संच बसला की अट पूर्ण होते. तो दहा वर्षांनी चालू आहे काय, हा प्रश्न सोसायटीच्या माथी येतो.

११/ डिसेंबर २०२० च्या राज्यव्यापी एकत्रित बांधकाम नियमावलीने दुसरा मार्ग धरला : आमिषाचा. हरित मानांकनाच्या श्रेणीनुसार ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव चटई क्षेत्र. आमिष वाईट नव्हे; पण बक्षीस कोणाला मिळते, ते पाहावे. हे टक्के विक्रीयोग्य क्षेत्रफळात मोजले जातात. रहिवाशाच्या वीजबिलाची त्या मोजपट्टीवर खूणच नाही.

१२/ २०२२ च्या दुरुस्तीने राहत्या इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या, मात्र १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी या उंबरठ्यावरच्या. हा उंबरठा खाली आणण्याचा अधिकार राज्यांना आहे. तो न वापरल्यास बाळकुमचे मनोरे संहितेत येतील आणि मागच्या गल्लीतील चार मजली इमारत बाहेर राहील. तेथे शेवटच्या मजल्यावर, रात्री उशिरापर्यंत तापलेल्या स्लॅबखाली, लोक झोपतात. १८९८ च्या चुकीची ही पुनरावृत्ती ठरेल.

१३/ आक्षेप ठाऊक आहे : नियमांनी घरे महागतात. अंशतः खरे आहे. परंतु भिंतीचा खर्च एकदाच होतो. वीजबिल इमारत उभी असेतो दरमहा येते. खिडकीवरचा पुरेसा छज्जा, गच्चीला पांढरा लेप, पश्चिमेच्या भिंतीला पोकळ ब्लॉक, ही काही परदेशी चैन नव्हे. कौलारू घराची पडवी आणि खोल पाखे हेच काम करीत. त्या घरांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. आत काळोख असे आणि दर पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारावे लागे. पण ऊन भिंतीला लागू द्यायचे नाही, हे शहाणपण त्यांत होते.

१४/ उपायाचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 'रेरा' येईपर्यंत घर 'सुपर बिल्ट-अप'च्या धुक्यात विकले जाई. २०१६ च्या कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या ठरवली आणि तेच करारात लिहायला लावले. ग्राहकाच्या हाती एक आकडा आला. त्याच करारात आणखी दोन आकडे छापावेत : भिंतींचा उष्णता-निर्देशांक आणि छताची पारगम्यता. भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी ते प्रत्यक्ष बांधकामाशी ताडून पाहावेत. मग मागाहून पातळ भिंत घालणाऱ्याला कागदावरच्या हिरव्या पानामागे लपता येणार नाही.

१५/ आणि लहान इमारतींसाठी आरंभ गच्चीपासून व्हावा. छत थंड करणाऱ्या जुन्या सोसायटीला मालमत्ताकरात सूट देणे पालिकेला अवघड नाही. जिला बांधकाम परवानगीच नाही, त्या इमारतीपर्यंत कोणतीही संहिता पोहोचत नाही, हेही कबूल करावे लागेल. तेथे अशी सवलतच उपयोगी पडेल. साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाने एक तत्त्व घालून दिले : हवा आणि उजेड ही मालकाची मेहेरबानी नव्हे, राहणाऱ्याचा हक्क आहे. सावलीही त्याच यादीत लिहिली जावी, आणि या वेळी यादी तळापासून वाचली जावी.