चुना, डोळा आणि खर्चाचे खाते

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने डोळ्यांच्या शस्त्रक्रियेवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. विज्ञान शाखेतील एका मित्राने तर 'तू तुझा जमाखर्च बघ' असे सुनावलेही. परंतु अंधत्वावरील संशोधन प्रयोगशाळेतून निघून रुग्णाच्या डोळ्यापर्यंत पोचते की वाटेतच अडकते, हा प्रश्न जितका शास्त्राचा तितकाच जमाखर्चाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. उदाहरण घेतो ते आपल्या घराघरातल्या चुन्याचे.

मराठीत चुना, कन्नडमध्ये सुण्ण. आजीच्या पानाच्या डब्यात तो असतो, आजोबांच्या चंचीत असतो. अलीकडे तो पातळ प्लास्टिकच्या पुडीत मिळतो. तंबाखू खाणारा थोडा चुना काढून घेतो आणि पुडी दुमडून खिडकीत ठेवतो. लहान मुलाच्या हाती ती लागली की ते दाबून बघते, पुडी फुटते आणि ओला चुना थेट डोळ्यात जातो. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी अशा अपघातांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांतून पुन्हा पुन्हा केली आहे. आम्ल डोळ्यात गेले तर तेथील प्रथिने गोठतात आणि त्या थराने ते बऱ्याच अंशी अडते. चुना हा अल्कली. तो पेशींवरचे स्निग्ध आवरणच विरघळवतो आणि आत आत जात राहतो. शिवाय त्याचे कण पापणीच्या आत चिकटून बसतात व धुतले नाहीत तर जाळतच राहतात.

यात खरे नुकसान कशाचे होते हे समजून घेण्यासारखे आहे. डोळ्याच्या पुढच्या बाजूला काचेसारखे स्वच्छ पारपटल असते. त्याच्यावरचा पेशींचा थर सतत झिजतो आणि सतत नवा येतो. हा नवा माल पुरवणाऱ्या मूलपेशी, म्हणजे इंग्रजीत ज्यांना स्टेम सेल म्हणतात त्या, राहतात डोळ्याचा काळा भाग आणि पांढरा भाग जिथे मिळतात त्या गोल कडेत. ही कड शेताच्या बांधासारखी आहे. ती शाबूत असेपर्यंत पांढऱ्या भागावरील त्वचा आणि तिच्या रक्तवाहिन्या आत येत नाहीत. चुन्याने बांध जळाला की त्या सरळ पारपटलावर पसरतात आणि डोळा पांढुरका, मांसल होतो. नेत्रदानाच्या फलकांमुळे आपला समज असतो की दुसऱ्याचे पारपटल बसवले की झाले. पण बांधच नसेल तर बसवलेल्या पारपटलावरही तेच तण माजते. म्हणून अशा रुग्णाला पूर्वी बहुधा हात हलवत घरी परतावे लागे.

१९९७ साली इटलीतील ग्राझिएला पेल्लेग्रिनी, मिकेले दे लूका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. दोन रुग्णांच्या चांगल्या डोळ्याच्या कडेतून त्यांनी तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेतला, प्रयोगशाळेत उंदराच्या पेशींच्या आधाराने त्यातील मूलपेशी वाढवल्या आणि तयार झालेला थर जळालेल्या डोळ्यावर बसवला. काम अव्वल दर्जाचे होते. त्यातूनच पुढे 'होलोक्लार' हे उत्पादन आले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये युरोपात त्याला मान्यता मिळाली. मूलपेशींवर आधारलेले ते तेथील पहिले मान्यताप्राप्त औषध. रुग्ण युरोपात कुठेही असो, त्याच्या डोळ्याचा तुकडा मोदेना शहरी जाणार, तेथे निर्जंतुक दालनात वाढणार आणि थर होऊन परत येणार. आता आमच्या शाखेच्या भाषेत बोलायचे तर हा प्रचंड स्थिर खर्च, आणि तो वाटून घ्यायला रुग्ण मोजके. २०२२ साली मुख्य गुंतवणूकदार बाजूला झाला तेव्हा ती कंपनी बंद पडण्याची वेळ आली होती. शास्त्र यशस्वी झाले, ताळेबंद जमला नाही.

आता हैदराबादला या. तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी १९८७ साली उभी केली. (ज्यांचे नाव संस्थेला आहे ते प्रसाद म्हणजे 'एक दुजे के लिए'चे निर्माते. गोव्याच्या किनाऱ्यावरचा तो चित्रपट आपल्या आईवडिलांच्या पिढीला ठाऊक आहे. त्यांच्या नावाची नेत्रसंस्था किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.) या संस्थेनेही २००१ पासून प्रयोगशाळेत पेशी वाढवूनच उपचार केले, मात्र उंदराच्या पेशी वगळल्या. दहा वर्षांतील २०० रुग्णांचा हिशेब २०११ साली प्रसिद्ध झाला: ७१ टक्के यश.

येथे थांबले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. पेशी जर डोळ्यावरच वाढायच्या आहेत, तर त्यांना आधी दहा-चौदा दिवस प्रयोगशाळेत ठेवायचे कशासाठी? त्यांनी चांगल्या डोळ्यातून दोन मिलिमीटरचा तुकडा घेतला, त्याचे आठ-दहा बारीक कण केले, जळालेल्या डोळ्यावरचे तण साफ करून त्यावर वारेचा पातळ पडदा पसरला आणि त्या पडद्यावर हे कण जैविक गोंदाने चिकटवले. वरून संरक्षणासाठी एक मऊ लेन्स. बस्स. एकाच बैठकीत काम पुरे. रोप लावल्यासारखे प्रत्येक कणाभोवती पेशी पसरतात आणि काही दिवसांत एकमेकींना मिळतात. पहिल्या सहा रुग्णांचा अहवाल २०१२ साली आला. पुढे २०१६ साली १२५ रुग्णांचा हिशेब मांडला गेला. त्यात ६० मुले होती! १२५ पैकी ९५ डोळ्यांचा पृष्ठभाग टिकला, म्हणजे ७६ टक्के. आणि चारपैकी तीन जणांची दृष्टी तपासणीच्या तक्त्यावर किमान दोन ओळींनी सुधारली.

हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. प्रयोगशाळा असताना ७१, नसताना ७६. दोन्ही ठिकाणचे रुग्ण तंतोतंत सारखे नव्हते, म्हणून नवी पद्धत सरस असा दावा मी करणार नाही. पण ती हलकी नाही एवढे तर सिद्ध झाले. आपल्याकडे स्वस्त म्हणजे गरिबांसाठी काढलेली दुय्यम प्रत, असा एक समज आहे. स्वस्ताई ही दयेची बाब आणि शोध ही बुद्धीची, अशी ती वाटणी असते. मला ती मान्य नाही. लक्षावधी रुपयांचे निर्जंतुक दालन ज्या एका प्रश्नाने अनावश्यक ठरले, तो प्रश्न विचारणे हेही संशोधनच आहे. किंबहुना जिल्ह्याच्या ठिकाणच्या तयारीच्या शल्यचिकित्सकालाही करता येईल अशी शस्त्रक्रिया हाती आली, ती याच प्रश्नामुळे.

आमच्या एका प्राध्यापकांनी यावर आक्षेप घेतला, आणि तो रास्त आहे. इटलीत पेशी वाढवल्या गेल्या नसत्या, तर इतक्या थोड्या पेशींतून डोळा सावरतो हे कळले नसते, आणि हैदराबादला तो प्रश्न विचारण्याचे धैर्य झाले नसते. खरे आहे. महागडा टप्पा बहुधा आधी यावाच लागतो. माझे म्हणणे इतकेच की त्या टप्प्याला मुक्काम समजू नये. शिवाय या पद्धतीलाही मर्यादा आहे: एक डोळा चांगला हवा. दोन्ही जळाले तर दुसऱ्याच्या पेशी घ्याव्या लागतात आणि शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून औषधे चालू ठेवावी लागतात.

सगळ्याच उपचारांतून कारखाना वगळता येतो असेही नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्सटर्ना' या जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली. आरपीई ६५ नावाचे जनुक सदोष असल्याने जन्मापासून दृष्टी अधू असलेल्यांसाठी तो आहे. जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर या दांपत्याने आधी जन्मांध कुत्र्यांवर, मग माणसांवर वर्षानुवर्षे काम करून तो घडवला. किंमत ठरली एका डोळ्याला ४ लाख २५ हजार डॉलर. दोन्ही डोळ्यांचे त्या वेळच्या दराने पाच कोटींहून अधिक रुपये. याला निव्वळ नफेखोरी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण रुग्ण अगदी थोडे आणि निर्मितीचा खर्च अवाढव्य, तेव्हा भागाकाराचे उत्तर मोठेच येणार. तिथे सरकारांनी मिळून भार उचलण्यावाचून दुसरा मार्ग मला दिसत नाही. चुन्याने जळालेल्या डोळ्याची गोष्ट तशी नाही. तिथे मार्ग सापडला आहे.

आणि तरीही मला सर्वात महाग वाटते ती ती पुडीच. गल्लीच्या कोपऱ्यावरील पानपट्टीवाल्या मामांना मी विचारले, झाकणाची डबी का ठेवत नाही? ते म्हणाले, "अरे, डबी दोन रुपयांनी महाग पडते. गिऱ्हाईक पुडीच मागतं." हे दोन रुपये वाचतात असे पुस्तकात दिसते, वस्तुतः ते वाचत नाहीत, दुसऱ्याच्या खात्यावर जातात. तो दुसरा म्हणजे चार वर्षांचे मूल, हैदराबादचे तिकीट काढणारा त्याचा बाप आणि मोफत शस्त्रक्रियेचा खर्च सोसणारे रुग्णालय. 'चुना लावणे' हा वाक्प्रचार इतका शब्दशः खरा ठरावा याचे वाईट वाटते. तंबाखूच्या पुडीवर कायद्याने इशारा छापावा लागतो. शेजारीच टांगलेला चुना तंबाखू नव्हे, म्हणून तो कायदा त्याला लागत नाही. मुलाला सहज उघडता येणार नाही अशी डबी, आणि तिच्यावर आपल्या भागात कन्नड व मराठी दोन्ही भाषांत डोळ्याचा इशारा, एवढी सक्ती करायला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

ती होईपर्यंत, हा अंक ज्यांच्या घरी जाईल त्यांच्यासाठी. डोळ्यात चुना गेला तर तूप, दूध, एरंडेल यांत वेळ घालवू नये. त्याच क्षणी मूल नळाखाली किंवा तांब्याच्या धारेखाली धरावे, पापण्या उघडून अर्धा तास स्वच्छ पाणी सोडत राहावे, ते रडले तरी थांबू नये. आणि मग डॉक्टरांना वरची पापणी उलटून चुन्याचे कण काढायला आवर्जून सांगावे.